प्रकाशांत विरणारी लाली

नाशिकहून आग्र्याच्या सडकेनें सुमारें ४० मैल गेलें म्हणजे डोंगराच्या कुशींत चांदवड लागतें. गांवांत अहिल्याबाई होळकरांच्या काळचा रंगमहाल आहे. ऐन वैशाखांत, भर दोन प्रहरीं, सडकेवरच्या उन्हाचा लखलखाट डोळ्यांत घेऊन कोणी त्या वाड्याच्या आंतल्या दालनांत शिरला, तर पहिले कांहीं क्षण त्याला कांहींच दिसत नाहीं. खांब कोठें आणि उंबरठा कोठें याचा पत्ता नसतो; पाऊल चांचपडत टाकावें लागतें. मग हळूहळू लाकडी खांबांवरची नक्षी काळोखांतून वर येऊं लागते. भिंतीवरच्या चित्रांतील आकृति दिसूं लागतात; त्यांचे रंग मात्र उजेडाजवळ गेल्यावांचून कळत नाहींत. तोच मनुष्य दीड घटका आंत बसून राहिला, तर ज्या कोपऱ्यांत आरंभीं नुसता काळोख होता तेथील खांब अन् खांब त्याला मोजतां येतो. वाडा तोच, आंत येणारा उजेडही तेवढाच. त्या दीड घटकेंत डोळ्यांत एक द्रव्य पुन्हां सांठत असतें. त्या द्रव्याची, आणि तें हातीं लागावें म्हणून शास्त्रज्ञांनीं शंभर वर्षें केलेल्या खटपटीची ही हकीकत आहे.

मनुष्याच्या डोळ्याच्या मागील बाजूस आंतून अस्तरासारखें एक पातळ पटल असतें, त्यास दृष्टिपटल म्हणतात. छायाचित्राच्या यंत्रांत जी जागा फिल्मची, तीच डोळ्यांत या पटलाची, असें शाळांतून शिकवितात, आणि तें बऱ्याच अंशीं खरेंही आहे. या पटलांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक शंकूच्या आकाराच्या. त्या सुमारें ६० लाख असून भर उजेडांत काम करतात आणि रंग ओळखतात. दुसऱ्या काठीसारख्या लांबट, म्हणून त्यांस दंडपेशी म्हणतात. त्या सुमारें १२ कोटी असून अंधुक उजेडांत पाहणें हें त्यांचें काम. दंडपेशीचें बाहेरचें टोक नाण्यांच्या चळतीसारखें असतें. एकेका चळतींत शेंकडों चकत्या, आणि प्रत्येक चकतीच्या पापुद्र्यांत एक तांबूस जांभळें द्रव्य खच्चून भरलेलें. त्याचें आजचें नांव ऱ्होडॉप्सिन. ग्रीक भाषेंतील गुलाब आणि दृष्टि या अर्थाच्या शब्दांवरून तें बनविलें आहे. प्रकाश पडतांच या द्रव्याचा रंग उडतो आणि अंधारांत तो परत येतो. उन्हांतून रंगमहालांत शिरणाऱ्याच्या दंडपेशी अशा विटलेल्या असतात. त्यांचा रंग पुरता भरून यावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो.

आतां या द्रव्याचा अभ्यास करणाऱ्याची अडचण ध्यानांत यावी. ज्या उजेडांत तें पाहावयाचें, त्याच उजेडांत तें विरून जातें. चोर पकडण्यास दिवा लावावा आणि दिव्याबरोबर चोर नाहींसा व्हावा, तशांतली ही गत.

ही लाली प्रथम कोणाच्या नजरेस पडली म्हणावें, तर हाइनरिख म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या. बेडकाच्या दंडपेशींत त्यानें १८५१ सालीं तांबडा रंग पाहिला होता. पण त्याचें महत्त्व त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. तें ज्याच्या ध्यानांत आलें तो फ्रान्झ बोल. १८४९ सालीं उत्तर जर्मनींत जन्मलेला हा तरुण विशीच्या अखेरीस रोमच्या विद्यापीठांत प्राध्यापक होता. बेडूक अंधारांत ठेवून मग त्यांचा डोळा उघडला तर पटल तांबडें भडक दिसतें, आणि पाहतां पाहतां अर्ध्या मिनिटाच्या आंत तें फिकें होऊन रंगहीन होतें. उन्हांत ठेवलेल्या बेडकाचें पटल मुळांतच पांढुरकें असतें, पण त्याच बेडकाला अंधारांत नेऊन ठेवलें म्हणजे लाली परत येते. इतकें त्यानें पाहिलें आणि त्यांतून तडक अनुमान काढिलें कीं पाहण्याची क्रिया या रंगाच्या उडण्यांतच सुरू होत असली पाहिजे. १८७६ च्या नोव्हेंबरांत त्याचें टिपण बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढें वाचण्यांत आलें. त्या वेळीं तो २७ वर्षांचा होता. पुढें तीन वर्षांतच, १८७९ सालीं, क्षयानें त्याचा अंत झाला.

बोलचें टिपण वाचून हायडेलबर्गचा प्राध्यापक विल्हेल्म कूने हा लागलीच कामास लागला. कूने हा नांवाजलेला रसायनज्ञ. ‘एन्झाइम’ हा आज घरोघरीं ठाऊक झालेला शब्द त्याचाच. बोलच्या कामांत एक चूक राहिली होती. प्राणी मेला कीं लाली जाते, असें त्यास वाटत होतें. कूनेनें सोडियमच्या मंद पिवळ्या ज्योतीच्या उजेडांत काम केलें. त्या उजेडानें ही लाली फार सावकाश उडते. तेव्हां असें दिसून आलें कीं मृत्यूचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. काळोख असेल तर मेलेल्या प्राण्याच्या डोळ्यांतही ती टिकते. पुढें त्यानें आणखी एक सुंदर प्रयोग केला. विटलेलें दृष्टिपटल त्याच्यामागच्या काळ्या पेशींच्या थरावरून अलग केलें तर रंग परत येत नाहीं. तेंच पुन्हां त्या थरावर अलगद टेंकविलें तर लाली परत भरते. म्हणजे रंग उडतो एका घरांत आणि त्याची डागडुजी होते शेजारच्या घरांत. पित्तांतील क्षारांच्या साहाय्यानें तें द्रव्य पटलांतून सोडवून त्यानें त्याचा लाल द्रवही बनविला. पुस्तकांतून कूनेचें नांव मोठें आणि बोलचें एका ओळींत आटोपलेलें आढळतें. काम कूनेचें अधिक, यांत शंका नाहीं. परंतु पहिली दृष्टि बोलची होती, आणि त्याला आयुष्य मिळालें असतें तर ही वांटणी कदाचित् निराळी झाली असती.

कूनेचें नांव सामान्य लोकांत गाजलें तें मात्र एका वेगळ्याच कारणानें. त्यानें एका सशाला गजांच्या खिडकीसमोर बांधलें. लाली भरून यावी म्हणून कांहीं मिनिटें त्याचें डोकें फडक्यानें झांकून ठेविलें. मग फडकें काढून तीन मिनिटें त्याला खिडकीच्या उजेडाकडे पाहावयास लाविलें, आणि लगेच मारून त्याचें पटल तुरटीच्या पाण्यांत मुरविलें. दुसऱ्या दिवशीं त्या पटलावर खिडकीचें चित्र उमटलेलें दिसलें: गजांच्या जागीं लाली राहिलेली, तावदानांच्या जागीं उडालेली. झालें! मेलेल्याच्या डोळ्यांत मारणाऱ्याची छबी उरते, असा जो समज युरोपांत पूर्वींपासून होता त्याला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखें लोकांस वाटलें. १८८० सालीं ब्रुखसाल येथें फांशीच्या ऐवजीं शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या एका अपराध्याचे डोळे कूनेनें तपासले. पटलावर एक लहानशी आकृति दिसली, पण ती कशाची हें त्याला सांगतां आलें नाहीं. लंडनमध्यें १८८८ सालीं झालेल्या प्रसिद्ध खुनांच्या चौकशींतही मृत स्त्रीच्या डोळ्यांचें छायाचित्र घेतलें काय, असा प्रश्न निघाला होता. सशाला तीन मिनिटें एकाच खिडकीकडे निश्चल पाहावयास लावावें लागलें, ही गोष्ट विचारणारे विसरले. कोणताही खुनी इतका वेळ स्थिर उभा राहत नाहीं.

कादंबऱ्यांना विषय मिळाला. पण लालींत आहे काय, हें कळावयास आणखी अर्धे शतक जावें लागलें, आणि तो उलगडा एका फार जुन्या दुखण्याच्या वाटेनें झाला. दिवेलागण झाली कीं ज्याला उंबरठा दिसत नाहीं, त्याला आपल्याकडे रातांधळा म्हणतात. संस्कृत वैद्यक त्यास नक्तांध्य म्हणतें, आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत त्यावर बोकडाचें यकृत सांगितलेलें आहे. प्राचीन मिसर देशांतही यकृताचाच उपाय करीत. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांना एकच औषध सांपडावें यांत जादू नाहीं. तें गुणकारी होतें, इतकेंच. यकृतांत अ जीवनसत्त्वाचा सांठा असतो. १९३३ सालीं जॉर्ज वाल्ड या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें दृष्टिपटलांतही हेंच जीवनसत्त्व असल्याचें दाखविलें. लगेच तो झुरिचला पॉल कारर यांच्याकडे गेला आणि तेथें त्यानें ती गोष्ट पक्की करून घेतली, कारण या जीवनसत्त्वाची घडण काररनींच नुकती उलगडली होती. तेथून तो हायडेलबर्गला आला. त्या वर्षीं जर्मनींत हिटलर सत्तेवर आला होता आणि वाल्ड जातीनें ज्यू, तेव्हां परत फिरण्याचें ठरलेंच होतें. सुटीचे दिवस, प्रयोगशाळा ओस, अशांत हंगेरीहून बेडकांची एक खेप येऊन पडली. त्या बेडकांच्या डोळ्यांत वाल्डला लाली आणि जीवनसत्त्व यांच्या मधली कडी सांपडली. रंग उडतांना प्रथम एक पिवळें द्रव्य सुटतें आणि त्याचें पुढें अ जीवनसत्त्व बनतें. कूनेच्या गांवींच कूनेच्या प्रश्नाचें उत्तर मिळावें, हा योग मजेचा खरा.

पुढें वाल्ड आणि त्यांच्या सहकारी रूथ हबर्ड यांनीं १९५० नंतरच्या दशकांत उरलेला भाग उलगडला. ऱ्होडॉप्सिन हें एक प्रथिन, आणि त्याच्या पोटांत अ जीवनसत्त्वापासून बनलेला, वांकडा मुडपलेला एक लहान तुकडा बसविलेला. प्रकाश लागतांच तो तुकडा सरळ होतो. डोळ्यांत प्रकाशाचें प्रत्यक्ष काम एवढेंच. बाकीचें सारें अंधारांतही घडूं शकतें. १९६७ सालीं वाल्डना नोबेल पारितोषिक मिळालें, तें इतर दोघांसमवेत. हबर्डबाईंचें नांव त्यांत नव्हतें. आपल्या देशांत १९७० सालीं सरकारनें १ ते ५ वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनीं अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याची योजना सुरू केली, ती या ज्ञानाच्याच पायावर. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेला आंबा, पपई यांतूनही शरीर हें सत्त्व तयार करतें, ही गोष्ट घरांतल्या बायकांस सांगण्यासारखी आहे. मुलाचा रातांधळेपणा वेळींच ओळखला तर तो थोड्याच दिवसांत हटतो.

परंतु सर्वच रातांधळेपणा यकृतानें किंवा पाल्यानें हटत नाहीं. कांहीं घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या चालतो. लहानपणीं रात्रीं कमी दिसतें. पुढें दृष्टीचा घेर आंवळत जातो आणि बोगद्यांतून पाहिल्यासारखें होतें. अखेर पुष्कळांची दृष्टि जवळजवळ जाते. वैद्यक याला रेटिनायटिस पिग्मेंटोझा म्हणतें. अशा रोग्याला जीवनसत्त्व कमी पडलेलें नसतें. मग दोष त्या प्रथिनांतच असेल काय? हा प्रश्न विचारणें सोपें होतें. पाहणार कसें, ही अडचण होती. लालीवरून ऱ्होडॉप्सिन ओळखावयाचें तर तें निकोप असलें पाहिजे. बिघडलेल्या प्रथिनांत तो वांकडा तुकडा बसलाच नाहीं तर रंगच येणार नाहीं, आणि रंग नाहीं तर तें पेशींत आहे कीं नाहीं हेंही कळणार नाहीं. बोलपासून वाल्डपर्यंत सर्वांनीं रंगाच्या खुणेनें हें द्रव्य धुंडिलें होतें. आतां रंगावांचून ओळखणारा कोणी तरी हवा होता.

असा ओळखणारा जिवंत शरीरांत असतो. बाहेरचा परका पदार्थ रक्तांत आला म्हणजे शरीर त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रथिन तयार करतें. तें त्या पदार्थाला, आणि केवळ त्यालाच, जाऊन चिकटतें. त्यास प्रतिपिंड म्हणतात. मुंबई इलाख्यांतील लोकांचा या गोष्टीशीं परिचय जुना आहे, जरी नांव ठाऊक नसलें तरी. १८९७ च्या जानेवारींत वाल्डेमार हाफकिन यांनीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. ती लस शरीराकडून अशींच प्रतिपिंडें बनवून घेते. १८९९ मध्यें हें काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेलें, आणि १९२५ पासून त्या संस्थेस हाफकिन यांचें नांव आहे. याच परळांत पुढें घोड्यांना सर्पविषाचे वाढते डोस देऊन त्यांच्या रक्तांतून विषावरचें औषध काढूं लागले. नाग चावलेल्या शेतकऱ्याला दवाखान्यांत जें इंजेक्शन देतात, त्यांत काम करतात तीं घोड्यानें बनविलेलीं प्रतिपिंडेंच.

मात्र घोड्याच्या रक्तांत मिळतो तो प्रतिपिंडांचा मेळा. कोणी विषाच्या एका भागाला धरतो, कोणी दुसऱ्या. जीव वांचविण्यास तेवढें पुरतें, किंबहुना तेंच बरें. पण प्रथिनाच्या नेमक्या कोणत्या भागाला काय धरतें, हें पाहावयाचें तर एकाच जातीचें, एकसारखें प्रतिपिंड लागतें. ती युक्ति १९७५ सालीं केंब्रिज येथें जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनीं काढली. प्रतिपिंड बनविणारी प्लीहेंतील पेशी फार दिवस जगत नाहीं. कॅन्सरची पेशी मात्र वाटेल तितकी वाढते. त्यांनीं उंदराच्या या दोन पेशींचा संकर केला. त्या संकरांतून निघालेल्या एका पेशीचें कुळ वाढविलें म्हणजे तें कुळ एकच एक प्रतिपिंड अखंड पुरवीत राहतें. कलमी आंब्याच्या बागेंत जशीं सर्व झाडें एकाच झाडाचीं, तसाच हा प्रकार. १९८४ सालीं या कामास नोबेल पारितोषिक मिळालें.

कॅनडांत व्हँकूव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत रॉबर्ट मोल्डे आणि मॅकेंझी यांनीं हीच युक्ति डोळ्याच्या लालीस लाविली. त्यांनीं बैलाच्या डोळ्यांतील दंडपेशींच्या चळती काढून त्या उंदरांना टोंचल्या, आणि उंदरांच्या प्लीहेंतून संकरपेशींचीं अनेक कुळें वाढविलीं. १९८३ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या कुळांपैकीं एकाचें नांव १-डी-४. पेटींतल्या ज्या खळग्यांत पेशी वाढली त्याच्या ओळीवरून अशीं नांवें पडतात. प्रयोगशाळांत काव्याला वाव थोडाच. पण या रुक्ष नांवाचें प्रतिपिंड फार कामाचें निघालें. ऱ्होडॉप्सिनची सांखळी ३४८ अमिनो अम्लांची आहे. ती चकतीच्या पापुद्र्यांतून सात वेळां आरपार जाते, आणि तिचें शेवटचें टोक शेपटीसारखें बाहेर लोंबतें. १-डी-४ धरतें तें या शेपटीच्या अगदीं अखेरच्या नऊ अम्लांना. सबंध प्रथिनाशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. दुसऱ्या एका प्रतिपिंडानें सांखळीचें पहिलें टोक धरलें. अशीं प्रतिपिंडें सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडून विद्युत्सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तेव्हां एक टोक चकतीच्या पोटांत आणि दुसरें बाहेर, हें डोळ्यांनीं दिसलें.

खरी गंमत पुढें आहे. प्रकाशाचा खेळ प्रथिनाच्या पोटांत चालतो. शेपटीला त्याचें सुखदुःख नाहीं. लाली असो, उडालेली असो, मुळीं आलेलीच नसो, १-डी-४ शेपटी धरतेंच. शंभर वर्षें जी वस्तु पाहतां पाहतां निसटत होती, तिला हें मागून धरणारें बोट मिळालें.

या बोटाचा मोठा उपयोग एका भारतीय शास्त्रज्ञानें करून घेतला. हरगोविंद खोराना यांचा जन्म मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यांत १९२२ सालीं झाला. जनुकांची लिपि उलगडल्याबद्दल १९६८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविल्यावर ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत गेले आणि तेथें त्यांनीं दृष्टीचा विषय हातीं घेतला. पारितोषिक मिळाल्यावर माणसें बहुधा व्याख्यानें देत फिरतात. खोराना त्या वाटेस गेले नाहींत. बैलाच्या ऱ्होडॉप्सिनचें संपूर्ण जनुक त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं रसायनांपासून जोडीत जोडीत बनविलें. एक हजारांहून अधिक अक्षरांचें तें लिखाण १९८६ सालीं पुरें झालें. बनविलेलें जनुक असें रचलें होतें कीं त्यांतील हवें तें अक्षर सहज बदलतां यावें. पुढच्याच वर्षीं खोराना, डॅनियल ऑप्रियन, मोल्डे आणि रँडल कॉफमन यांनीं तें माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घालून तिच्याकडून डोळ्याचें प्रथिन बनवून घेतलें.

मूत्रपिंडाच्या पेशींत इतर हजारों प्रथिनें असतात. त्यांतून हें एक निवडावयाचें कसें? येथें १-डी-४ पुढें आलें. तें बारीक मण्यांना कायमचें चिकटवून ते मणी नळींत भरले. पेशींचा रस नळींतून सोडला. इतर सारीं प्रथिनें वाहून गेलीं, शेपटीचें प्रथिन तेवढें मण्यांना लटकून राहिलें. आतां लटकलेलें सोडवावें कसें? आम्ल ओतलें तर नाजूक प्रथिन बिघडेल. म्हणून तसलीच सुटी शेपटी वेगळी बनवून ती नळींत भरपूर ओतली. प्रतिपिंडांनीं त्या सुट्या शेपट्या धरल्या आणि अख्खें प्रथिन मोकळें होऊन खालीं आलें. मूल हातांतला किल्ल्यांचा जुडगा सोडीत नसेल तर आई त्याच्यापुढें दुसरें खेळणें धरते, तशीच ही युक्ति. अ जीवनसत्त्वाचा तो वांकडा तुकडा आधींच पेशींना पुरविलेला होता. खालीं आलेल्या द्रवानें प्रकाश शोषला तो थेट बैलाच्या डोळ्यांतल्या द्रव्याप्रमाणें. डोळ्याबाहेर, माकडाच्या मूत्रपिंडांत, माणसानें लिहिलेल्या जनुकावरून बनलेली ही लाली होती. असलें काम मंद तांबड्या दिव्याखालीं करावें लागतें. कूनेच्या पिवळ्या ज्योतीची जागा तांबड्या दिव्यानें घेतली, एवढाच त्या शतकांतला फरक.

ही सोय इतकी सुटसुटीत ठरली कीं आतां इतर प्रथिनांच्या मागें ही नऊ अम्लांची शेपटी मुद्दाम जोडतात आणि तीं याच प्रतिपिंडानें पकडतात. नाकांतील वास ओळखणारें प्रथिनही बैलाच्या डोळ्याची शेपटी लावून असें धरलेलें आहे.

घराण्यांतून चालणाऱ्या रातांधळेपणाचा प्रश्न मागें राहिला होता. १९९० सालीं बोस्टन येथील थॅडियस ड्रायजा आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा कांहीं रोग्यांच्या जनुकांत दोष शोधून काढला. ऱ्होडॉप्सिनच्या सांखळींत २३ व्या जागीं प्रोलिन हें अम्ल असावयाचें, त्या ठिकाणीं हिस्टिडिन आलेलें होतें. ३४८ मण्यांच्या माळेंत एक मणी चुकीचा! पण एका मण्यानें दृष्टि कशी जाते, हें जनुक वाचून कळत नव्हतें. १९९१ सालीं चिंग-ह्वा सुंग, जेरेमी नेथन्स आणि इतरांनीं दोषी जनुकें पेशींत घालून पाहिलीं. कांहीं दोषी प्रथिनें निकोप प्रथिनाप्रमाणें पेशीच्या पृष्ठभागीं पोंचलीं. बहुतेक मात्र पेशीच्या आंतल्या कारखान्यांतच अडकून पडलीं. या दुसऱ्यांना लाली धड येत नव्हती, म्हणून रंगावरून त्यांचा ठावठिकाणा लागता ना. तो लागला प्रतिपिंडांमुळें. दंडपेशी आपली चकत्यांची चळत सतत नवी करीत असते. सस्तन प्राण्यांत सुमारें दहा दिवसांत सबंध चळत बदलते. इतकें प्रथिन रोज तयार होत असतां त्यांतलें बरेचसें वांकडेंतिकडें होऊन वाटेंत तुंबूं लागलें, म्हणजे पेशीचें काय होत असेल याची कल्पना गटार तुंबलेल्या चाळींत राहिलेल्यास सहज येईल. पेशी एकाएकीं मरत नाहीं. वर्षानुवर्षें कुंथत मरते. रोग्याची दृष्टिही तशीच जाते. ऱ्होडॉप्सिनमधील शंभरांहून अधिक दोष आतां माहीत आहेत. त्यांतले बहुतेक असे कीं आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून आला तरी पुरतो. याच रोगाचे दुसरे कांहीं प्रकार दोघांकडून दोष यावा लागणारे आहेत, आणि ते नात्यांतल्या लग्नांच्या घरांत अधिक दिसतात. मामाची मुलगी करण्याची चाल जेथें आहे तेथें ही गोष्ट वडील मंडळींनीं डॉक्टरांस विचारून घ्यावी, हें बरें.

उपचाराचें पाऊल प्रथम पडलें तें शेजारच्या घरांत. कूनेनें ज्या काळ्या थरावर पटल टेंकवून लाली परत आणली, त्या थरांतील एका प्रथिनाच्या दोषामुळें मुलें लहानपणींच आंधळीं होतात. त्या दोषावर निकोप जनुक डोळ्यांत सोडण्याच्या उपचारास २०१७ सालीं अमेरिकन सरकारची मंजुरी मिळाली. ऱ्होडॉप्सिनच्या बाबतींत काम अधिक अवघड आहे. तेथें चांगलें प्रथिन पुरवून भागत नाहीं, वाईटाचें बनणें थांबवावें लागतें.

रातांधळेपणाची तक्रार घेऊन एखादा तरुण मोठ्या नेत्ररुग्णालयांत गेला, तर डॉक्टर प्रथम घरांत आणखी कोणास असें आहे काय, तें विचारतात. मग त्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि त्याला निदान वीस मिनिटें पुऱ्या काळोखाच्या खोलींत बसवून ठेवतात. दंडपेशींतील बरीचशी लाली या अवधींत भरते. त्यानंतर मंद तांबड्या दिव्याखालीं त्याच्या डोळ्यावर एक तार ठेवून क्षणभर अगदीं अंधुक प्रकाश दाखवितात. डोळा निकोप असेल तर यंत्रावर एक उंच लाट उठते. या रोगांत ती रेघ जवळजवळ सपाट जाते, आणि पुष्कळदां ती सपाट दिसते त्या वेळीं त्या तरुणाला दिवसा वर्तमानपत्र अगदीं स्वच्छ वाचतां येत असतें.